मधला टप्पा

शंतनूने वल्हं खडकाला टेकवून कयाक अडवली आणि मान उंचावून पुढे पाहिलं. नदी दोन मोठ्या खडकांमधून वळत होती. वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज येत होता.

"उतरून बघूया," तो म्हणाला.

लीनाने मान डोलावली. दोन्ही कयाक गवतात ओढून ठेवून दोघं काठाकाठाने चालू लागली.

ऑस्ट्रेलियातल्या कूमा गावापलीकडच्या डोंगरांतली ही नदी एरवी ओढ्याएवढीच. वसंतात बर्फ वितळलं की तिला कयाकपुरतं पाणी येतं, तेही थोडे दिवस. तिचा हा मधला टप्पा शंतनूच्या बायकोने, मयूराने शोधला होता. कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातल्या घरी ती लॅपटॉपवर सॅटेलाइटचे फोटो मोठे करून करून बघायची. एका जागी पाणी पांढरं दिसायचं. "इथे धबधबा आहे. फार मोठा नसणार. आपल्याला जमेल," ती नवऱ्याला म्हणायची.

मागे एकदा सगळं जुळून आलं होतं. पाणी होतं, दोघांना सुट्टी होती. ऐन वेळी शंतनू म्हणाला, अनोळखी नदी आहे, फोनला रेंज नाही, या वेळी नेहमीच्याच नदीवर जाऊ. मयूराने वाद घातला नाही. आणि त्या नेहमीच्या नदीवर, जिथले दगडसुद्धा त्यांना पाठ होते, तिची कयाक उलटली आणि उजवा खांदा निखळला. ऑपरेशन झालं, तरी तो पुन्हा निखळला. आता वरच्या फळीवरचा डबा काढतानाही ती डावा हात वापरते.

या वर्षी तिनेच लीनाला फोन केला. लीना कॅनबेरातल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. तिला कयाक शिकवली ती मयूरानेच. "तू आणि शंतनू जा," मयूरा म्हणाली. "मी गाडी घेऊन खालच्या पुलाशी थांबते. कसं आहे ते बघून या आणि मला सांगा."

वळणापाशी खडक संपला आणि धबधबा दिसला. पुरुषभर उंचीपेक्षा थोडा अधिक. उजवीकडून पाणी एकसंध घसरत होतं आणि खाली हिरव्या डोहात उतरून लगेच शांत होत होतं. कडेच्या नेच्यांवर तुषार उडत होते.

"उजवीकडून सरळ आहे," लीना म्हणाली. "खाली खोल आहे. झाडबीड काही अडकलेलं नाही."

शंतनू बराच वेळ बघत राहिला. काहीतरी खोट सापडावी म्हणून तो पाण्याचा इंच न् इंच तपासत होता. सापडली नाही.

"तू जा. मी इथे दोरी घेऊन थांबतो."

"आणि मग मी खाली थांबते, तू ये."

"नको. मी बोट उचलून काठाने येतो."

"अरे, इतकी छान वाट आहे. मी आहे ना खाली."

"मयूराशिवाय नको वाटतं," तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला ते खरंही वाटलं.

लीनाने आग्रह केला नाही. ती वर गेली, कयाकमध्ये बसली आणि वळणावरून आली ती थेट कड्यावरून दिसेनाशी झाली. क्षणभराने डोहात तिचं हेल्मेट दिसलं. ती एकटीच हसत होती. दोरी गुंडाळून शंतनूने कयाक खांद्यावर घेतली आणि झुडपांतून खाली उतरला.

पुलाशी मयूरा पाण्यातच उभी होती. डाव्या हाताने तिने त्याची कयाक धरली. लीना कपडे बदलायला गाडीमागे गेली.

"कसा होता टप्पा?"

"ठीक. खास काही नाही. बरंचसं उथळ, दगडच दगड."

"आणि ते पांढरं दिसायचं ते?"

"आहे छोटासा."

मयूराने त्याच्याकडे पाहिलं. मग काठावरच्या दगडावर बसून तिने डोळे मिटले. "असं नाही. पहिल्यापासून सांग."

त्याने सांगायला सुरुवात केली. युकॅलिप्टसची झाडं, पहिला उतार, डावं वळण. तिचं अंग नकळत डावीकडे झुकत होतं, पुन्हा सरळ होत होतं. "मग खडक येतात. तिथे उतरलो. धबधबा तू म्हणायचीस तेवढाच आहे. उजवीकडून सरळ पाणी जातं, खाली डोह आहे."

"आणि कड्यावर आल्यावर?"

शंतनू हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिला. "मी नाही गेलो. बोट उचलून आणली."

तिने डोळे उघडले. "पाणी वाईट होतं?"

"नाही."

"लीना?"

"ती गेली." मग तो म्हणाला, "तुझ्याशिवाय नको वाटलं."

मयूरा पाण्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"मी तुला माझ्यासाठीच पाठवलं होतं रे," ती म्हणाली. पँटची माती झटकून ती उठली. "बरं. पुढचं लीनाला विचारते."

शंतनूने दोन्ही कयाक गाडीच्या टपावर चढवल्या आणि पट्टे आवळले. गाडीपलीकडे लीना हातवारे करून सांगत होती. मयूरा डोळे मिटून ऐकत होती. मग तिने श्वास रोखला, किंचित पुढे वाकली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. शंतनूने आवळलेला पट्टा सोडला आणि पुन्हा आवळायला घेतला.