पिशव्यांपाशी कोण बसणार?

सहलीला निघालं की प्रत्येक घरात एक प्रश्न असतो, आणि तो कोणी तोंडाने विचारत नाही. पिशव्यांपाशी कोण बसणार? या घरात उत्तर ठरलेलं होतं. सून!

गावातल्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात पिशव्या आत नेऊ देत नसत. म्हणून दारातल्या बाकावर डबे, बाटल्या, छत्र्या, सगळ्यांचे स्वेटर, आणि मधोमध सून. बाकी घर आत. ही चौथी खेप.

आज तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. उठायची, जिन्याकडे बघायची, पुन्हा बसायची. दार पाचला बंद होणार, आणि साडेचार कधीच होऊन गेले होते.

तेवढ्यात सासूबाई लंगडत बाहेर आल्या. गुडघ्याने दगा दिला होता.

"काय गं, मुंग्या चावतायत का? नाचतेस ती!"

तिकीट तपासणाऱ्या बाईला राहवेना. "आजी, यांना एकदा तरी आत पाठवा. चारही वेळा इथेच बसल्यात."

"आम्ही काय बांधून ठेवलंय तिला?"

"बांधलं नाहीत. पिशव्या दिल्यात."

सासूबाईंना मिरच्या झोंबल्या. "एवढं आहे काय आत? गंजकी भांडी नि फुटकी मडकी! बोल गं, काय बघायचंय तुला?"

"वर मोठं घड्याळ आहे, आई. बंद पडलेलं, माझ्या बाबांनी चालू केलं. झिजलेल्या चाकाच्या जागी पितळेचं नवं चाक घरी जेवायच्या टेबलावर कानशीने घासून बनवलं. चार महिने आम्ही जमिनीवर बसून जेवलो. बाबा गेले. ते घड्याळ चालताना मी अजून पाहिलं नाही."

"हे आज सांगतेस?"

"मागच्या वेळी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, पुढच्या खेपेला बघ."

ज्यांच्या तोंडाला अख्खी आळी टरकून असे, त्या सासूबाईंनी पिशव्या स्वतःकडे ओढल्या!

"ऊठ," त्या म्हणाल्या. "पळ म्हणते ना!"

सून जिन्याकडे धावली. सासूबाई बाकावर टेकल्या, आणि मग त्यांना कळलं. आतून नातवंडांचं हसू ऐकू येतं, पण कशाला हसतायत ते इथे कळत नाही.

मुलगा बाहेर आला. "ही कुठे गेली? पिशव्या टाकून?"

"तुझ्या सासऱ्याचं काम बघायला. लग्नाला नऊ वर्षं झाली, तू कधी बघितलंस? पोरांना घेऊन वर जा."

"पण तुझा गुडघा..."

"गुडघा बसलाय, जीभ चालतेय. नीघ!"

पाचला सगळे उतरले. सुनेचे डोळे लाल होते. धाकटी नात पुढे धावत आली. "आजी, आईच्या बाबांचं चाक पिवळं आहे! बाकीची सगळी काळी!"

"बाई गं," सासूबाई म्हणाल्या, "मला का नाही दिसलं ते?"

दिसणार कसं? दाखवणारी तर बाहेर बसवलेली!

तेव्हा मंडळी, पोराबाळांना जुनं दाखवायला जरूर न्या. पण आत शिरताना एकदा मागे वळून बघा, बाकावर कोण राहिलंय. पिशव्या आळीपाळीने सांभाळा. आणि सासूबाई असाल, तर पहिली पाळी आपली!