रबर लावलेली बाटली

खोटं कशाला बोलू, भिंगरी आमच्या प्रयोगशाळेत आली त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. भिंगरी हे नाव मीच ठेवलेलं. कालची पोर, एका जागी पाय ठरायचा नाही, आणि तोंडात सदा 'ताई, ताई'.

एकोणीस वर्षं मी एकच काम करत होते. उंदराच्या मेंदूवरचं आवरण सोलायचं. चिमट्याने अलगद सोडवायचं आणि फाटू द्यायचं नाही, बस्स. मेंदूभोवती आणि मणक्यातल्या मज्जारज्जूभोवती अशी आवरणं असतात. त्यांतल्या एका थरातल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट धरून बसतात की नको ते काही आत झिरपत नाही. सूज आली की ही पकड किती सैल होते, ते सरांना शोधायचं होतं. अर्धे उंदीर सूज आणलेले, अर्धे धडधाकट. सोललेलं आवरण धुवायचं, पकडीच्या जागी हिरवा रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. धडधाकट आवरणात प्रत्येक पेशीभोवती अखंड हिरवी रेघ दिसते. सुजलेल्यात ती जागोजाग तुटते.

"हात बघा ताईंचा," असं सर पाहुण्यांना सांगायचे. त्या एका वाक्यावर मी एकोणीस वर्षं काढली. मग एका सोमवारी तेच वाक्य ते भिंगरीबद्दल बोलले, माझ्यादेखत! वर मला म्हणाले, "ताई, हे चोवीस उंदीर हिला करू द्या. नीट जमलं तर तुमची खिडकीजवळची खुर्ची हिची. तुम्ही सामानाची खोली सांभाळा, डोळ्यांना आराम पडेल."

आराम म्हणे! माझ्या डोळ्यांना काय धाड भरली होती?

"शिकवा हं तिला सगळं," असंही म्हणाले. शिकवलं की. चिमटा कसा धरायचा, श्वास कधी रोखायचा, सगळं. एक सोडून.

आमच्या फ्रिजमध्ये दोन सारख्या बाटल्या असतात. दोन्हीत दिसायला पाणीच. एक आवरण धुवायची. दुसरीतलं द्रावण कॅल्शियम ओढून घेतं, आणि पेशींची पकड कॅल्शियमवरच टिकलेली असते. ते लागलं की पेशी सुट्या होतात. ते वेगळ्याच कामाला लागतं. ओलाव्याने चिठ्ठ्या गळून पडतात, म्हणून मी दुसरीच्या गळ्यात रबर अडकवून ठेवते. खूण माझी एकटीची. कुणाला सांगायची कधी वेळच आली नव्हती.

सांगायचं विसरले, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण पहिल्याच सकाळी भिंगरीने रबरवाली बाटली उचलून मला विचारलं, "धुवायला हीच ना, ताई?"

माझी मान हलली. होकारार्थी हलली.

तीन आठवड्यांनी सरांनी चित्रं पडद्यावर लावली. सुजलेल्या उंदरांच्या रेघा तुटलेल्या, आणि धडधाकटांच्याही तुटलेल्या. चोवीसच्या चोवीस वाया. "ओढून सोललंस का गं?" सर कडाडले.

भिंगरीने एकदा माझ्याकडे पाहिलं. "माझा हात जड पडला असेल, सर."

"मग नाकाने कांदे कशाला सोलत होतीस इतके दिवस? उद्यापासून ताईच बसतील. शेवटी हात तो ताईंचाच!"

माझं वाक्य मला परत मिळालं होतं.

संध्याकाळी फ्रिज उघडला तर दोन्ही बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या, वरून चिकटपट्टी मारलेली. एकीवर 'धुण्यासाठी'. दुसरीवर 'पेशी सुट्या करण्यासाठी. रबर असेल ती हीच.' भिंगरी मागेच उभी होती.

"कधी कळलं तुला?"

"काल. धडधाकटांच्याही रेघा तुटलेल्या दिसल्या, म्हणून दोन्ही बाटल्यांत थोड्या पेशी टाकून बघितल्या."

"मग आज सरांना का नाही बोललीस?"

"तुमची मान नजरचुकीने हलली, असं मी धरून चालले आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. "तसंच झालं ना, ताई?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पोरीने मानलं असतं. खुर्ची माझी, वाक्य माझं, सगळं माझंच राहिलं असतं. मी फ्रिज लावला आणि सरांच्या खोलीत गेले.

"सर, तिचा हात जड नाही. बाटली चुकीची होती. तिने मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"ताई, अहो, का?"

"जळत होते," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

आता मी सामानाच्या खोलीत बसते. सरांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं, पण ते माझ्याशी जपून बोलतात. भिंगरीने सगळं पहिल्यापासून केलं, आणि महिन्याभराने दारात येऊन म्हणाली, "ताई, बघता का जरा? तुम्ही बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

खिडकीजवळच्या खुर्चीवर तिने मला बसवलं. धडधाकट उंदराचं आवरण होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरव्या रेघा, एकही तुटलेली नाही. कडेला चिमट्याने हमखास फाटतं, माझ्याकडूनही एकोणीस वर्षं तिथे थोडंसं फाटायचंच. मी कड शोधली, दोनदा शोधली.

मेलीची कडही फाटली नव्हती.