नव्या कपाटांचा वास

संग्रहालयाच्या कोठीत ताईंची हयात गेली. लाकडी कपाटांतून आंबट वाफा निघतात आणि शिशाच्या खेळण्यांना बाधून त्यांची भुकटी करतात, हे वरच्यांच्या कानी घालता घालता त्यांचे केस पिकले. शेवटी निवृत्तीच्या वर्षी लोखंडी कपाटं आली. फिकट निळी, आवाज न करता मिटणारी. ताई येता-जाता दारांवरून हात फिरवायच्या.

"लेकीच्या लग्नातही इतक्या मिरवला नव्हतात," त्यांची सहायिका चिडवायची.

"जावई मला विचारून आणला नव्हता. ही मी निवडलीत."

शिशाचे घोडेस्वार, बदकं, इवल्या बग्ग्या, सगळं ताईंनी स्वतः आत मांडलं.

सहायिकेला मात्र दार उघडलं की उग्र वास यायचा. नवा रंग आहे, उडेल वास, म्हणून ती गप्प राहिली. तो काही उडेना. ताईंना तो येणं शक्यच नव्हतं. एका तापात त्यांचं नाक कायमचं गेलं होतं. घरी दूध करपलं तरी नवरा ओरडेपर्यंत त्यांना पत्ता नसायचा.

मग एका सकाळी बदकाच्या पाठीवर पांढरी भुकटी दिसली.  दुपारी ताईंबरोबर जेवायला बसली, पण सहायिकेनं डबा उघडलाच नाही.

"काय गं, घरी भांडलीस की काय?"

"ताई, कपाटांना वास येतोय. आणि बदकाला भुकटी सुटलीय."

ताईंनी आपला डबा बंद केला. कोठीत जाऊन त्यांनी कापसाचा बोळा द्रावकात भिजवला आणि दाराच्या आतून घासला. बोळा निळा झाला.

"पक्का रंग असा बोळ्याला लागत नाही. हा कच्चा राहिलाय. भट्टीत नीट भाजला नाही की असाच वाफा सोडत राहतो." त्या स्टुलावर बसल्या. "आधी का नाही बोललीस?"

"तुमचा किती जीव होता त्यांच्यावर."

"माझा जीव बदकांवर आहे, खुळे! कपाट म्हणजे नुसता पत्रा. आणि माझं नाक गेलंय, तर तुझं वापरू दे की मला."

सहायिकेला हसू आणि रडू एकदमच आलं.

संध्याकाळपर्यंत दोघींनी सगळी कपाटं रिकामी केली. खेळणी बैठकीच्या खोलीत गेली; टेबल भरलं, खुर्च्याही भरल्या. संचालक दारातच थबकले.

"मी बसू कुठे?"

"बग्गीत जागा आहे, साहेब," ताई म्हणाल्या.

कपाटांचा कारखानदार आधी कुरकुरला, पण निळा बोळा बघून कपाटं पुन्हा भाजायला घेऊन गेला. ती परत येईपर्यंत ताई निवृत्तही झाल्या. सहायिकेनं घाई केली नाही. रिकाम्या कपाटात शिशाचा एक घासलेला तुकडा ठेवून ती थांबली. बरेच आठवडे गेले तरी तुकडा चकचकीतच राहिला, तेव्हा तिनं फोन लावला.

"तुझी तू मांड," ताई म्हणाल्या. "मी फक्त चहाला येते."

त्या आल्या, कोपऱ्यात बसल्या, कशात म्हणून तोंड घालायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पहिला कप्पा लागेपर्यंत ते त्यांना जमलं. दुसऱ्याला उठून म्हणाल्या, "अगं, घोडेस्वारांची तोंडं दाराकडे कर, गुदमरतील ना बिचारे!"