न वाजणारी शेंग

मित्रांनो, मी एक जुनी शेंग आहे, पण सोलायला जाल तर नखं तुटतील. मी कांस्याची आहे. जन्मतः मात्र अशी नव्हते. आधी मी झाडावर होते, माझ्या पोटात सात बिया होत्या आणि वारा आला की मी खुळखुळ वाजायचे.

ते झाड ओतारीकाकूंच्या वडिलांनी परसात लावलं होतं. ओतारीकाका वाळलेली फळं, डहाळ्या, रिकामी घरटी गोळा करायचे. त्यांवर मातीचा जाड लेप देऊन भट्टीत भाजायचे. आतली वस्तू जळून जायची, राख झटकली की तिच्या आकाराची पोकळी उरायची आणि तीत ते वितळलेलं कांस्य ओतायचे. वस्तू एकच, ती परत मिळायची नाही. म्हणून काका आधी प्रत्येक वस्तू कानाशी धरून हलवायचे. आत काही वाजलं, तर ती भट्टीत घालायची नाही, हा त्यांचा नियम होता.

एका वर्षी झाडाला कीड लागली आणि ते तोडावं लागलं. काकूंनी खाली पडलेली एकेक शेंग फोडून पाहिली. साऱ्या बिया किडक्या निघाल्या. माझ्यावर मात्र एकही भोक नव्हतं आणि मी छान वाजत होते. काकूंनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं.

"थंडी सरली की हिच्या बिया पेरीन," त्या म्हणाल्या. काकांनी मान डोलावली. हल्ली ते कशालाही मान डोलवायचे. काकूंना वाटायचं, हे मुद्दाम कानाडोळा करतात.

एका सकाळी काकू खुंटाकडे पाहत बसल्या होत्या. काकांना राहवलं नाही. झाडाची एक तरी आठवण कायमची राहावी म्हणून त्यांनी मला उचललं, कानाशी धरून हलवलं. मी वाजले. त्यांनी पुन्हा हलवलं. मी जीव तोडून वाजले.

"रिकामी आहे," ते स्वतःशीच म्हणाले.

भट्टीतलं मी सांगणार नाही.

चार दिवसांनी काकांनी मला घासूनपुसून काकूंच्या हातात ठेवलं. "ओळख बघू."

काकूंची नजर खिडकीकडे गेली. "अहो, ही वाजत नव्हती का?"

"काय?"

"वाजत नव्हती का?" काकू ओरडून म्हणाल्या.

"छे. दोनदा हलवली."

भांडायला उठलेल्या काकू थबकल्या. त्या काकांच्या पाठीमागे गेल्या आणि त्यांनी हळूच हाक मारली. मग जरा मोठ्यानं मारली. काका वळले नाहीत. तीस वर्षं ओतलेलं कांस्य छिन्नी-हातोड्यानं ठोकून ठोकून त्यांचे कान गेले होते आणि ते घरात कुणालाच कळलं नव्हतं.

पुढे पाहुणे मला पाहून म्हणायचे, "अगदी खरी वाटते!" आता कुणी पाहत नाही. मी कागदांवर वजन म्हणून पडून असते. भट्टी बंद आहे. तसं झाड कुठेच मिळालं नाही आणि खुंटालाही कोंब आला नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू तुम्हाला गप्प वाटली, तर ती रिकामी आहे असं ठरवण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी कानाशी धरा. माझ्या बाबतीत एवढंही झालं नाही.

अजूनही काका मला कधीतरी उचलतात, कानाशी हलवतात आणि काकूंकडे पाहतात.

"वाजतेय का गं?"

काकू मान डोलावतात.