भरावाखाली बाबा

बाबा फ्रेंचांच्या रस्त्यावर सक्तीच्या कामाला गेले, तिथेच मेले आणि मुकादमाने त्यांना भरावात पुरलं. आमच्या मादागास्करच्या डोंगराळ मुलखात ज्याची हाडं घराण्याच्या थडग्यात पोचत नाहीत, तो मेल्यावरही बेघरच राहतो. मी त्यांना उकरून काढायची परवानगी मागायला गेले. अधिकारी मोर्वाँ म्हणाला, "रस्ता खणता येणार नाही. तुझ्या बापाला याहून चांगलं स्मारक कुठलं?"

त्यानंतर मी काही मागितलं नाही.

पुढे राजधानीहून बडा पाहुणा मोटारीने येणार असं ठरलं. मोर्वाँला गावापुढे भाषण करायचं होतं आणि दुभाषी मीच होते. आमच्याकडे वक्ता थांबला की जमाव 'तसंच' म्हणतो. न म्हटलं, तर तो बोललाच नाही असं धरतात. मोर्वाँ त्या 'तसंच'ला आमची कृतज्ञता समजायचा.

आदल्या दिवशी मी गावातल्या वडीलधाऱ्या रात्सिंबाकाकांकडे गेले.

"गप्प बसलं तर तुरुंगात टाकतात का गं, पोरी?"

"उद्धट बोललं तर टाकतात. गप्प बसण्याबद्दल कायद्यात काही नाही, काका. मी वाचलाय."

"हे गप्प बसणार?" काकू आतून म्हणाली. "लग्न झाल्यापासून वाट बघतेय."

दुसऱ्या दिवशी मोर्वाँ उभा राहिला. पुढारलेल्यांनी मागासांना वर आणणं हे कर्तव्यच आहे, म्हणाला. आम्ही गुलामी संपवली, देवीची लस आणली, शाळा काढल्या. मी शब्द न् शब्द सांगितला. लस खरी होती. शाळेत मी स्वतः शिकले होते. एकही मुद्दा मी लंगडा करून सांगितला नाही. मला तो पूर्ण ताकदीनिशी बोलून पडलेला बघायचा होता.

तो थांबला. कुणीतरी खोकलं. शेवटचं वाक्य त्याने पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं. काका जमिनीकडे बघत होते.

"यांना समजलं नाही का?" पाहुण्याने मला विचारलं.

"सगळं समजलं, साहेब. आमच्या रीतीने मोर्वाँसाहेब अजून काहीच बोललेले नाहीत."

पाहुणा बारीक हसला. मोर्वाँची मान लाल झाली.

"मग हे लोक थांबलेत कशासाठी?" पाहुण्याने विचारलं.

"माझ्या वडिलांसाठी. ते या रस्त्याखाली आहेत. गुलामी संपल्यानंतर पुरलेत."

पाहुण्याचं हसू गेलं. "काढू द्या त्यांना," तो मोर्वाँला म्हणाला, "आणि लवकर आटपा."

बाबा कडेलाच होते. तरीही आम्ही रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा खणला. पाहुण्याची मोटार चराच्या अलीकडेच अडकली. बाबांना रेशमी वस्त्रात गुंडाळून आम्ही निघालो, तेव्हा मोर्वाँ मागून विचारत होता, हा चर कोण बुजवणार.

"रस्ता तुमचा आहे, साहेब," मी म्हटलं.