तिसऱ्या पानावरच्या दहा चौकटी

गणितात सलग चार वर्षं पैकीच्या पैकी मार्क मिळवल्यापासून घरात सगळे तिला शंभरी म्हणत. नामांकित कॉलेजच्या अर्जाची पहिली दोन पानं तिने वीस मिनिटांत भरून टाकली. तिसऱ्या पानावर मात्र गाडी अडली. ‘अभ्यासाव्यतिरिक्त काय केलंत?’ आणि खाली दहा रिकाम्या चौकटी.

आठवडाभर ती स्वयंपाकघर ते बाल्कनी येरझारा घालत होती. खेळ? संघात तिला कोणी पाण्याच्या बाटल्या धरायलाही घेतलं नव्हतं. नाटक? पाचवीत एकदा झाड झाली होती, तेही मागच्या रांगेतलं. वर्गातल्या एकीला म्हणे दहा चौकटी अपुऱ्या पडत होत्या. ते ऐकून शंभरीच्या येरझारा आणखी वाढल्या.

“अगं, बस की जरा. फरशी झिजेल,” आई म्हणाली. ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. दिवसभर उभं राहून आल्यावर डोळ्यांसमोरची ही ये-जा तिला सोसत नसे.

शेवटी शंभरीने मामाला गाठलं. मामा पोहण्याच्या तलावावर प्रशिक्षक होता.

“एवढंच ना? तीन वर्षं लहान मुलांच्या वर्गाला मदत केलीस असं पत्र देतो. शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे.”

“पण मामा, मला पोहता कुठे येतं?”

“मग? तुला कोण पाण्यात ढकलणार आहे?”

मुदत संपायला तासभर उरला असताना तिने ते पत्र जोडलं. आईला सांगितलं नाही. त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना. फोन वाजला की दचकायची. मग कॉलेजचं पत्र आलं. मुलाखतीला बोलावलं होतं.

लांबलचक टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधल्या प्राध्यापिकाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आपुलकीने विचारलं, “माझी नात पाण्याला फार घाबरते गं. अशा मुलांना तू पहिल्या दिवशी काय शिकवतेस?”

बाई खरंच उत्तराची वाट बघत होत्या. झालं, आता खरोखरच आपली शंभरी भरली, असं तिला वाटलं.

“मला पोहता येत नाही. ते पत्र खोटं आहे.”

कडेच्या गृहस्थांनी पेनाला टोपण लावलं. बाई मात्र तिच्याकडे बघतच राहिल्या. “मग शाळा सुटल्यावर तू करतेस तरी काय?”

“अभ्यास. म्हणजे... गणिताच्या पुस्तकामागची उत्तरं तपासते. अकरा चुकीची निघाली. मी प्रकाशकांना पत्रं लिहिली. नव्या आवृत्तीत त्यांनी सात सुधारली. उरलेल्या चारांसाठी अजून लिहितेय.”

“हे का नाही लिहिलंस?”

“हे कुठे विचारलं होतं?”

बाईंनी फाईल मिटली. “खोटं पत्र जोडलेला अर्ज मला पुढे पाठवता येणार नाही. कळतंय ना तुला?”

तिने मान हलवली. घरी येऊन आईला सगळं सांगून टाकलं. आईने आधी भावाला फोनवर फैलावर घेतलं, मग लेकीकडे वळली. “त्याचं डोकं फिरलं होतं, कबूल. तुझं काय?” तिसऱ्या दिवशी मामा तोंड पाडून दारात उभा राहिला. “चुकलं गं माझं,” एवढंच म्हणाला आणि पाणीसुद्धा न पिता गेला.

दुसऱ्या कॉलेजच्या मुदतीला चार दिवस होते. शंभरीने पहिल्या चौकटीत अकरा चुका तारखांसकट मांडल्या, पत्रांच्या प्रती जोडल्या. उरलेल्या नऊ चौकटींत एकेक आडवी रेघ मारली. अर्ज पाठवला, आणि त्या रात्री घास गोड लागला.

पहिल्या कॉलेजने अपेक्षेप्रमाणे नकार कळवला. दुसऱ्याने सहा आठवडे लटकवून ठेवलं आणि मग प्रवेश दिला. पत्राखाली हाताने एक ओळ लिहिली होती : ‘चौथ्या चुकीबद्दल आम्हाला शंका आहे. येताना तुमची आकडेमोड घेऊन या.’

आईने ते पत्र दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि मामाला फोन लावायला उठली. शंभरी मात्र केव्हाच जुनी वही उघडून बसली होती. चौथं उत्तर खरंच चुकीचं होतं ना?