कुंकवाखालची बॅटरी

इकडं तिकडं काय बघताय? खाली बघा. बोटीच्या मागच्या फळीखाली काळा डबा दिसतोय ना, त्यात मी बसलेय. मी या बोटीची बॅटरी. बारा व्होल्टची, पण तोंड चारशे चाळीसचं, असं मानसिंग म्हणतो. मानसिंग ही बोट चालवतो, म्हणून त्याचं ऐकून घेते.

वय पाच वर्षं. आमच्या जातीत ही पन्नाशीच समजा. या वयात बोलताना थोडं वाढवून सांगितलं जातं, तेवढं सांभाळून घ्या.

सातारच्या एका दुकानातल्या फळीवर माझे सुरुवातीचे दिवस गेले. एखाद्या फौजी माणसाच्या जीपमध्ये बसून गडावर फिरावं, अशी माझी स्वप्नं. नशिबी आली कृष्णा. सांगलीकडच्या या गावात मोठा पूर येऊन गेला होता. गावातल्या आणि बाहेरगावी नोकरीला गेलेल्या लोकांनी मिळून बोट घेतली. बोटीला इंजिन आलं आणि इंजिन सुरू करायला मी आले. बोट मी चालवत नाही. मी इंजिनाला पहिला धक्का देते. मग ते गुरगुरतं आणि सगळं श्रेय एकटं खातं. असं एखादं माणूस तुमच्याही घरात असेल.

पहिल्याच पावसाळ्यात नदी गावात शिरली. त्या दिवशी मी अख्खं गाव ओढून काढलं. बरं, अख्खं नाही, खालची आळी. वाटेत मगर आडवी आली. कृष्णेत मगर असणं नवलाचं नाही, पण तिनं माझ्याकडं बघून वाट दिली, हे कुणाला पटत नाही. मानसिंग म्हणतो, तो ओंडका होता. असेल. ओंडक्यानं वाट दिली.

त्याच दिवशी घराच्या पत्र्यावरून राहीबाईला उतरवलं. काखेत कोंबडी घट्ट धरलेली. कोरड्यावर पोचल्यावर तिनं बोटीला हात जोडले. माझी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

खंडेनवमीला शेतकरी अवजारं पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो. आमच्या बोटीचीही पूजा ठरली. राहीबाईनं विचारलं, "मानसिंगा, हिचा जीव कुटं असतोय रं?"

मानसिंगानं डब्याचं झाकण काढून मला दाखवलं. माझ्या डोक्यावर शिशाच्या दोन खुंट्या आहेत, तिथं तारा आवळलेल्या असतात. राहीबाईनं त्या खुंट्यांना हळद-कुंकू लावलं, नारळ फोडून पाणी शिंपडलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुकानात माझ्यावरची धूळसुद्धा कुणी झटकली नव्हती.

पुढच्या वर्षी सगळी आळी आली. त्यापुढच्या वर्षी मंडप आला, स्पीकर आला आणि भाषणाला सरपंच नानासो आले. मधल्या काळात पूर आला नाही. लोक म्हणू लागले, "बोटीमाय हाय म्हणून नदी दबून हाय." बोट पाण्यात घालायचं कुणी नाव काढेना. देवीला कुणी कामाला लावतं का? हातानं ओढून इंजिन सुरू करायची एक दोरी होती. ती मंडप बांधताना गेली. मानसिंग पावसाळ्याआधी कुंकवाला हात न लावता तारांनाच चिमटे अडकवून मला चार्जिंगला लावायचा, तेवढंच. पोट भरलेलं, हाताला काम नाही आणि डोक्यावर दर वर्षी कुंकवाचा नवा थर.

यंदा पाऊस लागला, धरणाचं पाणी सोडल्याची बातमी आली. अशा वेळी नदीकाठच्या शेतकऱ्याला एकच सुचतं. शेताला पाणी उपसणारी मोटर काढून वर आणायची. राहीबाईचा नवरा आकाराम त्यासाठीच निघाला. लोकांनी हाका मारल्या. "ह्यो गेलो आन् ह्यो आलो," म्हणाला.

मोटर हलली नाही. तोवर मागचा ओढा भरला आणि परतीची वाट बुडाली. मोटर चालू करायची पेटी तेवढी सोडवून, काखेत मारून आकाराम मोटरघराच्या स्लॅबवर चढला. चारी बाजूंनी गढूळ पाणी, आणि ते चढत होतं.

पोरांनी बोट पाण्यात ढकलली. मानसिंगानं किल्ली फिरवली.

कट्.

पुन्हा फिरवली. पुन्हा नुसतं कट्.

"बॅटरी खलास!" नानासोंनी निकाल दिला.

मी खलास? मी काठोकाठ भरले होते. पण डोक्यावरचा थर ओलांडून माझा जोर तारेत जाईना. माणसाला निदान ओरडता तरी येतं.

हंबीरराव पुढं आले. फौजेत ट्रक चालवून रिटायर झालेला माणूस. "आदी गियर बघ. न्यूट्रल हाय का?"

"हाय, तात्या."

"लाल दोरीची क्लिप?" ती निघाली की इंजिन चालू होत नाही.

"लावलीया."

"मग बोटीचा दिवा लाव. आता किल्ली मार."

दिवा लख्ख लागला, आणि किल्ली फिरवताच विझल्यासारखा झाला.

"म्हंजी बॅटरीत जीव हाय," हंबीरराव म्हणाले. "दिव्यापुरता येतोय, इंजिनापुरता वाटंत कुटंतरी आडतोय."

नानासोंनी फोन काढला. "सांगलीत विश्रामबागंत नवी मिळंल. माणूस धाडतो."

"रस्ता पाण्याखाली हाय, सरपंच. माणूस धाडताय का मासा?" हंबीरराव म्हणाले.

मानसिंगानं झाकण काढलं तसे सगळे वाकून बघू लागले. कुंकवाचा काळपट गोळा, हळदीची पुटं, वाळक्या झेंडूचा दोरा आणि त्या सगळ्याखाली, नारळाच्या पाण्यावर पोसलेली, गंजाची पांढरी-हिरवी बुरशी.

"खरवड," हंबीरराव म्हणाले, पण आवाजात मगाचा जोर नव्हता.

मानसिंगाचा हात तसाच राहिला. राहीबाई काठावर उभी होती. तिचा नवरा पाण्यात अडकलाय आणि तिनंच लावलेलं कुंकू तिच्यासमोर पुसायचं? पुराच्या पाण्यात उडी घालणारी माणसं चिमूटभर कुंकवापाशी अडली. मी खालून एकेकाचं तोंड बघत होते. सगळ्यांना कळत होतं आणि एकाचाही हात पुढं येत नव्हता.

"गुरवाला फोन करून इचारूया का?" नानासो म्हणाले.

राहीबाई पदर खोचून पाण्यात उतरली. "सरका."

"काकू, आवं, कुकू हाय त्ये..."

"कुकू पुसल्यानं न्हवरा जात न्हाई, मानसिंगा. पाण्यानं जातोय. सोड त्या तारा."

मग सगळ्यांना हातपाय फुटले. भज्याच्या गाड्यावरून खायचा सोडा आणि किटलीभर गरम पाणी आलं. हंबीररावांनी बजावलं, "आदी काळी तार सोड, मग लाल." सोडा पडला तशी मी फसफसले. राहीबाईनं काचकागद घेतला आणि भांडं घासावं तसं मला घासलं. पदरानं पुसलं. तिचे ओठ सारखे हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. नीट ऐकलं तर आकारामला शिव्या घालत होती.

शिसं चकाकलं. मानसिंगानं तारा आवळल्या, किल्ली फिरवली.

घर्रर्र!

इथं मी बरंच काही वाढवून सांगू शकले असते. पण खरं एवढंच, की मी एक धक्का दिला. पुढचं इंजिनानं आणि मानसिंगानं केलं. राहीबाई बोटीतून उतरली नाही, तिला उतर म्हणायचं धाडसही कुणी केलं नाही.

बोट पोचली तेव्हा पाणी स्लॅबला लागलं होतं. आकाराम पेटी मांडीवर घेऊन बोटीत बसला. "मोटर ऱ्हायली गं," म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. तुमी आलासा, लय झालं."

थोड्या वेळानं त्यानं तिचे लालभडक हात बघितले. "रगात आलं काय?"

"न्हाई. हिचं कुकू हाय."

आकारामनं पेटी खाली ठेवली आणि तिला टेकायला जागा केली.

आता दर आठवड्याला राहीबाई येते. "फिरव रं किल्ली," म्हणते. इंजिनाचा आवाज ऐकते आणि घरी जाते. हात जोडत नाही. पहिल्यांदा मला ते लागलं. नंतर उमगलं, की नमस्कार करणारी माणसं मी बरी आहे असं धरून चालली होती. ही येऊन विचारते.

माझ्या खुंट्यांवर आता ग्रीस आहे. पहिला जोर मात्र राहिलेला नाही, ते मलाच कळतं. एक दिवस दिवा मिणमिणेल. त्या दिवशी हार घालू नका, आणि "हिनं आकारामला वाचवलं" म्हणून मला जागेवर ठेवून घेऊ नका. तारा सोडा, मला उचला, नवी बसवा. भंगारात जाताना मला वाईट वाटेल, नाही कशाला म्हणू? पण तेव्हा नदी चढत असेल आणि कुणीतरी मोटर काढायला गेलेलं असेल. त्याला माझी आठवण नको, बोट हवी.